दोरवाल्या चाचांचा एकच प्रवेश

दोरवाल्या चाचांनी शंभर तरी नाटकांचे पडदे ओढले असतील, पण नाटक त्यांनी ऐकलं ते पाठमोरं. विंगेत उलट्या डालग्यावर बसायचे, पडद्याचा दोर मनगटाला गुंडाळलेला, तोंड भिंतीकडे. बारामतीच्या पेठेत त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. आमच्या हौशी मंडळीचे शेले-अंगरखे तेच शिवत. "कापड मी शिवल्यालं, आत कोन हाय ते मला ठावं हाय. बघायचं काय?" असं म्हणत.

फक्त एका प्रवेशाला ते वळून बसत. नाटक जुनं, सगळ्यांना पाठ असलेलं. रानात लग्न केलेला राजा शापामुळे बायकोला विसरतो आणि ती दरबारात येऊन उभी राहिली की 'मी हिला ओळखत नाही' म्हणतो. चाचांच्या मते नाटक एवढंच. "बाकी समदं अस्तर, कापड हेच. त्यो न्हाय म्हनला, की बघनाऱ्याच्या पोटात कालवलं पायजे."

राजा मी होतो. उंची बेताची, पण गळा बरा, आणि गळ्याचा अभिमान त्याहून बरा. बारामतीच्या प्रयोगात ते नकाराचं पद मी असं काही खेचलं की कालव्याकाठचे बागाईतदार 'वन्स मोअर' म्हणत उठले. वन्स मोअर मिळाला की द्यायचा, हा तेव्हाचा रिवाज. न देणारा शिष्ट ठरायचा. अडचण एवढीच की राणी रडत आत गेली होती. राणी म्हणजे कचेरीतले एक कारकून, त्यांनी विडी पेटवली होती. ती विझवून, पदर सावरून ते परत आले आणि मी त्यांना पुन्हा नाकारलं. लोक हसले. तिसऱ्यांदा नाकारलं तेव्हा राणीलाही हसू आवरेना. मला वाटलं, काय रंगलाय प्रयोग!

दुसऱ्या दिवशी कौतुक गोळा करायला दुकानात गेलो. चाचांनी मशीन थांबवलं नाही. शिवता शिवताच त्यांनी धाकट्या बहिणीची हकीकत सांगितली. तिनं यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलं आणि सुप्याला गेली. पुढे एकदा विटक्या लुगड्यात दुकानाच्या दारात आली, तेव्हा आत एक बडं गिऱ्हाईक माप देत होतं.

"मी तिलाच इचारलं, कोन पायजे, बाई? तिनं ऐकलं आन गेली. मला कुनी वन्स मोअर दिला न्हाय, राजेसाहेब."

चाचांनी दातानं दोरा तोडला. "सात वर्सं झाली. सुप्याला जायाचं धाडस व्हईना. तिला काय वाटलं आसंल, ते मला त्या प्रवेशात एकदा नीट बघायचंय. इंदापूरच्या प्रयोगात परत गायलात, तर दोर टाकून जाईन."

इंदापुरात पद संपलं आणि 'वन्स मोअर' सुरू झाला. माझा घसा आपोआप खाकरला गेला, हे कबूल करतो. राणीही सवयीनं अर्ध्यावर थबकली. मी विंगेत पाहिलं. चाचा उभे होते, मनगटावरचा दोर अर्धा उलगडलेला. मला एकदम मोठेपणा सुचला असं नाही. पडद्याचा बांबू बरोबर माझ्या डोक्यावर होता. मी गप्प राहिलो. ओरडून ओरडून लोक थकले. मग राणी चालू लागली, आणि तिची पावलं तेवढी ऐकू आली. बायकांच्या बाजूला कुणीतरी हुंदका दिला. त्या कारकुनाला मी पहिल्यांदाच बाई म्हणून पाहिलं आणि मला स्वतःचीच चीड आली. चाचांनी पडदा इतका सावकाश सोडला, की तो जमिनीला टेकल्याचा आवाजही झाला नाही.

सकाळी आमचं सामान बारामतीच्या गाडीत चढलं, चाचा चढले नाहीत. सुप्याला निघालो म्हणाले.

मी रागावलोच. "चाचा, मी गायलो नाही की! मग का जाता?"

"म्हनूनच," चाचा म्हणाले.

महिन्याभरानं बारामतीच्या बाजारात ते दिसले. पुढे एक बाई, मान ताठ, मागे वळून न बघणारी. मागे हे, डोक्यावर वांग्यांची पाटी. मी जवळ जाऊन, बोलली का, म्हणून हळूच विचारलं.

"अजून न्हाय," चाचा तितक्याच हळू म्हणाले. "पन पाटी उचलू दिली."