रोमचा एक दिवस आणि काशीनाथचा फोटो

दुसऱ्या महायुद्धात मी फौजेत तीन वर्षं कारकुनी केली. पण लोक विचारतात ते रोममधल्या एका दिवसाबद्दल. मी चार किस्से सांगतो, आणि ऐकणारा उठून गेला की पाचवा आठवतो. पेन्शनीत दुसरं काय वाढतं!

आम्ही तिघं निजामाच्या मुलखातले. मी भोकरदनचा, महादू बदनापूरचा, काशीनाथ केदारखेड्याचा. लढाई उत्तरेला सरकल्यावर एका दिवसाची रजा मिळाली. ट्रक सकाळी सोडणार, संध्याकाळी उचलणार.

महादूला रोम पाहायचं होतं. काशीनाथला फक्त फोटो काढायचा होता. तो लढाईत मेल्याची आवई गावात उठली होती, आणि सासरा नवा पाव्हणा ठरवून त्याच्या बायकोचा पाट लावायला निघाला होता. काशीनाथच्या भावानं त्याची पत्रं पुढं केली, तर सासरा म्हणाला, "हे कारकुनाच्या हातचं. मानूस मेला तरी कारकून लिहीत राह्यतो!"

पत्रं मीच लिहिली होती. राग आला, पण मुद्दा बिनतोड होता.

*

आधी ती दोन हजार वर्षांपूर्वीची, अर्धी ढासळलेली गोल इमारत पाहिली. महादूनं तिला पूर्ण चक्कर मारली.

"भाऊसाहेब, एवढी पडझड झाली, आन् कुनी अर्ज न्हाई केला?"

"केला असेल. चौकशी चालू असेल."

"मंग बराबर हाय!"

*

चौकाचौकात कारंजी. दगडी घोड्यांच्या तोंडातून पाणी पडतंय आणि वाहून जातंय. महादू बराच वेळ बघत राहिला.

"एवढं पानी, आन् एक बाई घागर घेऊन न्हाई! हे लोक लढाई हरनारच."

*

मोठ्या चर्चपाशी तिघांनीही सवयीनं बूट काढले. दारवान हातवारे करून म्हणाला, घाला. महादू म्हणाला, "बूट घालून देवळात? बिलकुल न्हाई!" आता बूट सरकारी, हरवले तर शिक्षा. शेवटी आम्ही दोघं अनवाणी आत गेलो आणि महादू पायरीवर राखण बसला.

पुढं पलटणीत कुणी त्याला विचारलं, "चर्च कसं होतं रे?"

"बूट बराबर होते."

*

पुलाजवळ एक म्हातारा फोटोवाला तिकाटण्यावर कॅमेरा लावून उभा होता. त्यानं काशीनाथला कठड्यापाशी उभं केलं, काळ्या कापडात डोकं घातलं आणि हातानं खुणावलं, हलू नको. ऐन वेळी काशीनाथनं दोन्ही हात हलवले! दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही हलला, तेव्हा म्हाताऱ्यानं टोपी जमिनीवर आपटली.

मी ओरडलो, "अरे, जरा दगडासारखा उभा राहा की!"

"भाऊसाहेब, आमच्या गावात एकच फोटो हाय. पाटलाच्या बापाचा. मेल्यावर खुर्चीत बसवून काढलेला. ताठ! म्या बी तसाच दिसलो, तर सासऱ्याला आयतंच घावंल. हलल्याबिगर जित्ता कसा दिसन?"

चौथ्यांदा मी त्याला दम देऊन एक साफ फोटो काढवला. तो त्यानं मला देऊन टाकला, आणि तिसरा गावी धाडला. त्यात कठडा स्वच्छ होता, नदी स्वच्छ होती, आणि काशीनाथच्या जागी धुकं!

उत्तर येईपर्यंत तो नीट जेवला नाही. दोन महिन्यांनी सासऱ्याचं पत्र आलं. मीच वाचून दाखवलं:

"फोटू पावला. तोंड कुनाचं ते वळखू आलं न्हाई. पन मानूस हलून राह्यलाय. पाव्हन्याला परत लावून देलं."