तीन नंबरचं मशीन आन मॅडमचा डबा

कालिजातल्या कंप्युटर लॅबचा शिपाई मी, दामूकाका. लॅब झाडायला घेतली की धूळ कमी आन किस्से जास्त निघतात! लिवता जेमतेम येतं, म्हणून बोलतो तसंच लिवतो. आमच्याकडं सगळ्या मास्तरांचं रडणं एकच: "माझ्या मशीनवर चालतं हो, हितं नाय चालत!"

*

सावंत सरांचा प्रोग्राम रोडपालीला घरी चाले, लॅबमदी बंद पडे. एक दिवशी वैतागले आन घरचा अख्खा कंप्युटर चादरीत बांधून रिक्षातनं घेऊन आले! लावला. नाय चालला. त्यो घरच्या वायफायवरनं कायतरी ओढून घ्यायचा.

मी बोल्लो, "सर, चादर आणलीत, घर आणायचं राहिलं!"

सर हसले नाय. चादरीची घडी घालत बसून राहिले.

*

वैदेही मॅडमचं याच्या वरचं. पाऊस किती पडला तर गाढी नदीचं पाणी कुठल्या घरात किती चढंल, त्याचा हिशेब ती कंप्युटरवर करायची. सहा वर्सांची पीएचडी! पण प्रोग्राम चालायचा खिडकीजवळच्या एकाच मशीनवर. तीन नंबर. वर कागद: 'हात लावू नये. अपडेट करू नये.'

मी गमतीत लिंबू-मिरची बांधली. वाटलं, शिकलेली बाई, चिडंल.

मॅडम बोल्ली, "राहू द्या काका. चालतंय ना!"

*

शिमग्याला माझा हात शिवशिवतो. तीनचा स्टिकर सातवर आन सातचा तीनवर चिकटवला. मंग सावंत सरांना बोल्लो, "सात नंबर बंद होतं ना, झालं चालू. आज सात नंबरवर बसा." सर बसले मॅडमच्या मशीनवर! मॅडम अशी किंचाळली, की लॅब हसून लोळली.

स्टिकरचं मी कुणालाच बोल्लो नाय, आन परत लावायचे राहिले. मॅडम कुठं नंबर बघायची? ती लिंबू बघायची.

*

मंग मॅडमनं डबा करायला घेतला. पेनड्राइव्ह दाखवून बोल्ली, "काका, भाकरी, भाजी, मीठ, सगळं यात भरायचं. कुठल्याही मशीनवर उघडा, चव तीच!"

माझ्या टेबलावरच्या मशीनवर उघडला. पडदाभर लाल अक्षरं.

"काय झालं?"

"मीठ राहिलं. एक जुनी फाइल आहे. इंटरनेटवर आता कुठंच मिळत नाही. फक्त तीन नंबरमध्ये आहे."

"मंग घाला की!"

"उद्या घालते. आज डोळे गेले माझे."

सोमवारी बाहेरचे परीक्षक यायचे होते. त्यांच्यापुढं चालवून दाखवलं तर पीएचडी, नायतर सहा वर्सं पाण्यात.

*

दुसऱ्या दिवशी मी भाचीच्या हळदीला. हिकडं भंगारचा टेंपो आला. रजिस्टरात सात नंबर बंद पडलेलं. हमालांनी स्टिकर वाचला, लिंबू तोडून टाकला, मशीन उचललं.

मी आलो तवा खिडकीजवळचं टेबल रिकामं, आन मॅडम लिंबू हातात धरून उभी.

आमी दोघं पळस्प्याला भंगारवाल्याकडं धावलो. त्यो बोल्ला, "नंबर सांगा."

"तीन," मॅडम बोल्ली.

त्यानं ढीग उलटापालटा केला. "तीन नंबर आलंच नाय, मॅडम."

मॅडमचा चेहरा असा उजळला! "मग कॉलेजातच असेल, काका! कुणीतरी नुसतं हलवलं असेल!"

मी खाली बघितलं. बोल्लो, "सात बघ."

"सात? त्ये कवाच फोडलं. डिस्कमदला चुंबक पण काडला."

मॅडम त्याच्याकडं बघतच नव्हती.

"काका," ती बोल्ली, "सात का?"