बुआलाय मावशीचा भोंगा

उत्तर थायलंडमधल्या फयाओकडच्या त्या गावात कोंबड्यांच्या आधी बुआलाय मावशी आरवायची. मुखियाच्या अंगणातल्या खांबावर भोंगा होता आणि माइक तिच्या ताब्यात. "खामपोर्नच्या नवऱ्या! बायकोला तिसरा महिना लागलाय. रक्त द्यायला आज आला नाहीस, तर उद्या तुझं नाव दोनदा घेईन!" सारा गाव चिकट भाताचा घास हातात धरून हसायचा आणि खामपोर्नचा नवरा मान खाली घालून आरोग्य केंद्राची वाट धरायचा.

मावशी गावची आरोग्यसेविका. नवरे पकडून आणणं हेच तिचं खरं काम. त्या भागात पुष्कळांच्या रक्तात एक दोष असतो. एकट्याकडे असला तर जन्मभर कळतही नाही. आईबाप दोघांकडे असला, तर चारातलं एखादं मूल पोटातच सुजतं, जगत नाही आणि आईच्याही जिवावर बेततं. म्हणून बाईत दोष सापडला की पुरुषाचं रक्त बघावंच लागतं. मावशीची स्वतःची तीन बाळं अशीच सातव्या महिन्यात गेली होती. तेव्हा रक्त कोण तपासतंय! लोक म्हणाले, घरावर भुताची नजर आहे. नवरा म्हणाला, बाईच अवलक्षणी, आणि निघून गेला. खरं कारण कळेपर्यंत तिचे केस पिकले होते.

मन मोठं, पण तोंडात तीळ भिजायचा नाही. म्हणून थिपवानने नेमकं तिच्यापाशीच मन मोकळं करावं, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

थिपवान बावीस वर्षांची. तिला चौथा महिना लागला होता आणि तिच्यात दोष निघाला होता. नवरा इन्सोन वर्षभर तैवानला कारखान्यात राबून तीनेक महिन्यांपूर्वी परतला होता. भोंग्याची वाट न पाहता तो स्वतःच रक्त देऊन गेला आणि निर्दोष निघाला. मावशी ही खूशखबर घेऊन धावत गेली, तर पोरगी ढसाढसा रडायला लागली.

"अगं वेडे, हसायचं सोडून रडतेस काय?"

"मावशी, त्याचं रक्त बघून काय उपयोग? तो यायच्या आधीच..." तिने तोंड दोन्ही हातांत लपवलं. "मूल त्याचं नाही."

'मग कोणाचं?' हा ओठांवर आलेला प्रश्न मावशीने गिळला. असं काही गिळायची तिच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. "नाव सांगू नकोस. मला तर मुळीच नको. गावातलाच आहे का, एवढं बोल."

थिपवानने होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी भोंगा कडाडला. "अठरा ते पंचेचाळीस, गावातले झाडून सगळे पुरुष! लग्न झालेले, न झालेले, मोडलेले! रक्तातला दोष तपासायचाय. सुईची भीती वाटते त्याने आईला सोबत आणावं!"

"म्हातारपणी पुरुषांचा बाजार भरवलाय हिने," बायका खिदळल्या. मावशीने हसून घेतलं. एकोणसाठ जण आले.

निकाल आल्यावर नर्सने दार लावून यादी थिपवानपुढे ठेवली. मावशी पाठ फिरवून खिडकीबाहेरच्या फणसाकडे बघत उभी राहिली. जे डोळ्यांनी पाहिलं नाही, ते तोंडातून निसटणार नाही. कागदावर बोट टेकल्याचा आवाज आला. नर्स हलकेच म्हणाली, "याच्यातही आहे."

मग शहरातलं मोठं इस्पितळ. पोटातून सुई घालून तपासणी झाली. पडद्यावर डॉक्टरीणबाईंनी बाळाचं वाढलेलं हृदय दाखवलं. बाळ वाचणार नाही, थांबलो तर आईचा रक्तदाब चढेल, असं त्यांनी थिपवानचा हात हातात घेऊन सांगितलं. इन्सोन बाकावर बसून होता. थिपवान दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी तिने गर्भ काढून घ्यायला होकार दिला. मावशी रात्रंदिवस उशाशी होती. आपल्याला कुणी असं वेळेवर, हात धरून सांगितलं असतं तर, या विचाराने तिचाही बांध फुटला.

गावी परतल्यावर वडीलधाऱ्यांनी थिपवानच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला, घाबरून पळालेला जीव अंगात परत यावा म्हणून. पहिला दोरा इन्सोनने बांधला.

तो मावशीला जिन्याखालपर्यंत पोचवायला आला. माझं रक्त चांगलं, मग हे असं कसं? तो विचारणार, हे तिला ठाऊक होतं. 'कागदात चूक झाली असेल' हे उत्तर तिने इस्पितळापासून घोकून ठेवलं होतं.

इन्सोनने वाकून तिच्या चपला सरळ करून ठेवल्या.

"मावशी, मी परत कधी आलो ते मला माहीत आहे. आठवडेही मोजता येतात." तो वर न बघता म्हणाला. "पुढच्या वेळी सगळ्या गावाला नका बोलावू. माझं एकट्याचंच नाव घ्या."