पॅनलवरचं कुंकू

हजिऱ्याच्या गॅस प्लांटमधून निवृत्त झालो आणि लिंबायत या कामगार वस्तीतल्या एका मराठी हायस्कुलात दर शनिवारी फुकट शिकवायला जाऊ लागलो. सोलर, पवनचक्की, बॅटरी असले विषय. बायकोच्या मते नसती उठाठेव. पोरांना विजेत मोबाइलच्या चार्जिंगपलीकडे रस नव्हता, त्यामुळे मलाही हळूहळू तसंच वाटायला लागलं होतं.

दहावीतली एक मुलगी तेवढी जीव लावून ऐकायची. एकदा तिने विचारलं, “सर, पॅनलचा एकच खाना झाकला तर आखी लाइन बसते का?” बसते, म्हणालो, आणि घरी जाईपर्यंत खूश होतो. तिला अकरावीला सायन्स घ्यायचं होतं. वडील लूमवर कामाला, आई घरी साड्यांना टिकल्या लावणारी. दोघांचं म्हणणं, कॉमर्स बरं.

म्हणून मी मैदानात प्रात्यक्षिक ठेवलं आणि दोघांना मुद्दाम बोलावलं. पॅनल, वायरी, छोटा पंखा, सगळी जोडणी तिची. पंखा फिरला की सायन्सचा विषय मी काढणार होतो.

मी पाणी प्यायला गेलो, तेवढ्यात मुख्याध्यापकांनी पूजा उरकून घेतली. नवा लूम असो की नवी रिक्षा, आमच्या लोकांत कुंकवाशिवाय काही सुरू होत नाही. तेलात कालवलेल्या कुंकवाचं भलंमोठं स्वस्तिक, तेही बरोबर पॅनलच्या तोंडावर. पंखा ढिम्म.

“सर, पुसा हो ते!” मी मुख्याध्यापकांना म्हणालो.

“लावलेलं कुंकू कोणी पुसतं का? जरा धीर धरा, होईल सुरू.”

माझं डोकंच फिरलं. आमची जुंपलेली असताना ती मुलगी पुढे आली आणि तिने ओढणीने काच स्वच्छ पुसली. पंखा गरगर फिरायला लागला. पोरांनी टाळ्या पिटल्या.

“बघा, पूजा पावली!” मुख्याध्यापक म्हणाले.

तिच्या आईचा चेहरा मात्र उतरला होता. “कुंकू पुसं इनी! हाईच शिकाडतस का तुम्ही पोरीसले?”

कुंकू पुसायला मी शिकवत नाही, हे पटवायला मी ऊन, काच, सावली असं काहीबाही समजावत राहिलो. कोण ऐकतंय! वडील खाली बघत उभे. शेवटी मुलगीच म्हणाली, “मम्मी, पुढच्या वेळी मागच्या बाजूला लावू. तिकडे ऊन लागतच नाही, मग पुसायलाही नको.”

इतकं सरळ उत्तर त्या मैदानात दुसऱ्या कोणाला सुचलं नव्हतं. मी आशेने वडिलांकडे पाहिलं. आईने तिचा हात धरला आणि तिघं निघून गेली.

मुख्याध्यापक आता कुंकू पॅनलच्या पाठीला लावतात. पाहुणे आले की कौतुकाने पॅनल उलटं करून दाखवतात, आणि पाहुणे मान डोलावतात. युक्ती कोणाची, ते मी दर वेळी चिडून सांगतो. तिला घरच्यांनी कॉमर्सला घातलं.