काकांच्या गाठी

पूर्णगडपासून गुहागरपर्यंत आमच्या मावशीच्या यजमानांएवढा घाबरट माणूस झाला नाही. परदेशी बोटीवरून बाकीचे खलाशी ट्रान्झिस्टर आणत. काकांनी बोटीवरच्या आयरिश स्वयंपाक्याकडून त्याच्या गावचे यच्चयावत अपशकुन आणले. आपल्याकडची पाल, मांजर, शिंक काय कमी होती? तिकडे म्हणे एकटा मॅगपाय पक्षी दिसला की सलाम ठोकावा लागतो. तो पूर्णगडात कुठला? मग काका काळ्यापांढऱ्या दयाळाला सलाम ठोकत. दयाळ जन्माचा एकटा. काकांचा हात दिवसभर कपाळाला. सकाळी तांबड्या केसांची बाई दिसली तर होडी पाण्यात लोटायची नाही, हाही तिकडचाच कायदा. शेजारच्या आजींनी पांढऱ्या केसांना मेंदी लावली आणि मावशीच्या घरी आठवडाभर सुकटीवर जेवणं झाली. आलेल्या दारानंच पाहुण्यानं जायचं, नाहीतर तो घरचं नशीब नेतो. मी एकदा परसदारानं निघालो, तर काकांनी सदराच धरला. "मेल्या, माझं नशीब घेऊन कुठं चाललास? फिर मागं!"

त्यांची एकुलती एक लेक शालू बाळंतपणाला आली, तेव्हा मात्र आमचं हसू आटलं. सकाळपासून कळा, मूल आडवं, सुईण घामाघूम, आणि रत्नागिरीहून बोलावलेली जीप येता येईना. दुपारी शालूची अशी किंकाळी आली की काका ताडकन उठले.

"गाठी सोडा रे! घरात गाठ राहिली तर पोर अडतं!"

ट्रंकेचं कुलूप निघालं, मावशीचा अंबाडा सुटला, म्हशीचं दावं सुटलं. म्हैस थेट पोफळींत.

"अहो, म्हैस गेली!" मावशी ओरडली.

"जाऊ दे! शालू ऱ्हायली पायजे!"

माझ्या लेंग्याची नाडीही त्यांनी ओढली. एका हातानं लेंगा सावरत मी त्यांच्यामागे खाडीवर धावलो. ओहोटी लागली होती. काकांची होडी खुंट्याला बांधलेली. त्यांनी मारलेली गाठ साऱ्या बंदरात कुणाला सुटत नसे. आज घाईघाईत ती त्यांनाही सुटेना. नखातून रक्त आलं.

"काका, होडी जाईल हो! पोटाला काय खाल?"

"माझ्याच हातची गाठ आहे ती," ते रडत म्हणाले. "तीच पोरीच्या आड आली असली तर?"

दोर सुटला. होडी हळूच वळली आणि समुद्राकडे निघाली. काकांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ते घराकडे धावत सुटले होते.

सुईणीनं मूल फिरवलं, म्हणून दोघी वाचल्या, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. काकांना तसं सांगायला कुणाची जीभ रेटली नाही. म्हैस सापडली, होडी नाही. पुढे काका दुसऱ्याच्या होडीवर जात. संध्याकाळी आले की नातीला मांडीवर घेत, पण झबल्याचे बंद बांधायची वेळ आली की हात मागे ओढत.

"तूच बांध गो शालू," म्हणत. "माझी गाठ घट्ट बसते."