सांड्यांचं पोतं

त्या उन्हाळ्यात मी आणि माझी सहकारी मृणाल थरच्या वाळवंटात सरपटणाऱ्या प्राण्यांची पाहणी करत होतो. भर दुपारी एका खेजडीच्या झाडाखाली पोतं दिसलं. ते हलत होतं. मृणालने त्याचं तोंड सोडलं. आत सांडे होते. काटेरी शेपटीचे, गवतपाला खाणारे गरीब सरडे. सगळे जिवंत, पण प्रत्येकाचं कंबरडं मोडलेलं.

"पळू नयेत म्हणून शिकारी मोडतात," मृणाल म्हणाली. "विकायला तेल काढेपर्यंत जिवंतच लागतात त्यांना."

"यातला एखादा तरी वाचेल?"

"नाही गं."

तिने दगड उचलला. मीही उचलला. सकाळीच एका गरुडाला सांडा मारताना पाहिलं होतं. एका झडपेत सगळं संपलं होतं. भुकेला घाई असते, धंद्याला नसते.

एक सांडा माझ्या अंगठ्याला कडकडून चावला. रक्त आलं, तरी मला बरंच वाटलं.

शेवटचा सांडा पुढच्या दोन पायांनी वाळू उकरू लागला होता. त्याला बीळ हवं होतं. मृणालने दगड उगारला आणि थांबली. त्याचं डोकं वाळूत जाईपर्यंत तिने त्याला उकरू दिलं.

मग घाव घातला.