सुई म्हटली की तेल

शिवणयंत्रं दुरुस्त करणारे आमच्या गल्लीतले मशीनमामा म्हणजे हाडाचे कारागीर आणि पक्के हट्टी. माझं त्यांच्याशी पटायचं ते या हट्टामुळेच. त्यांचा सिद्धांत एकच: सुई म्हटली की तेल आलंच. तो त्यांनी ग्रामोफोनलाही लावला. तबकडी खरखरली की मशीनच्या तेलाचा थेंब टाकायचा आणि बोटाने प्रेमाने चोळायचा. तेलावर धूळ, धुळीवर तेल. तीस वर्षांत तबकड्यांचे पार तवे झाले.

त्यात एक तबकडी मामींची. पूर्वी एका दुकानात यंत्रावर तबकडीत आवाज कोरून द्यायचे, तिथे लग्नानंतर मामांसोबत जाऊन त्यांनी एक गाणं म्हटलं होतं. मामी गेल्या. मागे आवाज तेवढा उरला, तोही पत्र्यावर वाळू ओतावी तशा खरखरीखाली.

मामांची लेक रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काचा धुते. ती म्हणाली, धुऊ. मामा म्हणाले, पाण्याने तुझ्या आईचा आवाज वाहून जाईल. आठवडाभर बापलेकीत अबोला, आणि निरोप सगळे माझ्यामार्फत. मी जन्मभर मोर्चे काढले. मध्यस्थी माझ्या रक्तात नाही. शेवटी भडकलोच.

"मामा, धुऊन आवाज गेला तर एकदाच जाईल. तुम्ही तर त्याला रोज थोडा थोडा पुरताय."

ते गप्प बसले. गप्प म्हणजे होकार, असं लेकीने ठरवून टाकलं.

तबकडीच्या मधोमध चिकटवलेला नावाचा कागद भिजू नये म्हणून डब्याची दोन झाकणं त्यावर दोन्ही बाजूंनी दाबून धरायची होती. ती मामांनीच धरली. कोमट पाणी, साबणाचा थेंब, मऊ ब्रश, रेघांच्या दिशेने गोल गोल. बादलीतलं पाणी काळंभोर झालं. मामा ते ओतू देईनात. न जाणो, आवाज त्यातच असला तर?

तबकडी वाळली, लावली. गाणं लख्ख ऐकू आलं. मामी सुरात नव्हत्या, हेही तेव्हाच कळलं. गाणं संपलं. पुढे जिथे इतकी वर्षं नुसती खरखर होती, तिथे मामी बोलल्या:

"अहो, त्या यंत्राला कशाला हात लावताय? तेलाचे हात आधी धुऊन या बरं."

लेकीला हसू आवरेना. मामा मुकाट उठले, बादली उचलून मोरीत गेले. पाणी ओतलं, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, पुसले. मग येऊन सुई उचलली आणि पुन्हा सुरुवातीला ठेवली.